पिवळ्या दिव्याची भाषा

हातखंबा तिठ्यावर आलं की गाडीला तीन दिशा मोकळ्या असतात. पश्चिमेला रत्नागिरी, जेमतेम १३ किलोमीटर. उत्तरेला निवळी, संगमेश्वर, चिपळूण करत मुंबई. तिसरा रस्ता पालीकडे. पालीहून एक वाट लांजा-राजापूरमार्गे गोव्याकडे उतरते आणि दुसरी नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूर गाठते. मुंबई-गोवा महामार्गाचा क्रमांक १७ होता, तो ६६ झाला. कोल्हापूर रस्त्याचा २०४ होता, तो १६६ झाला. चौपदरीकरणात तिठ्याची जुनी ओळख पुसली गेली. गावाचं नाव ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर मात्र अजूनही रस्त्याकडेच्या खांबावरचा, दिशा दाखवणारा हात येतो.

२०२२ सालच्या ऑगस्टमधल्या एका पहाटे असाच एक हात मला दिशा दाखवत होता, आणि मला तो वाचता आला नाही.

रात्रभर कोसळून पाऊस जरा थांबला होता. आईला अँजिओग्राफीसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. सकाळी साडेदहाची वेळ मिळाली होती. तिला मधुमेह, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून रात्रीपासून ती उपाशी होती. गाडी तिठ्याजवळ आली तसा डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखीच चालत होती. वेगळा आवाज नाही, धूर नाही, पिकअप ठीक. मागच्या सीटवरून आईने विचारलं, "तो कसला रे दिवा?"

"काही नाही आई, इंजिनाचा आहे. परवाच दाखवलाय."

दाखवला होता हे खरं. पंधरा दिवसांत दोनदा. दोन्ही वेळा गॅरेजमधल्या मुलाने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, दोन बटणं दाबली आणि दिवा गेला. "कोड उडवलाय काका. गाडी चालतेय ना? मग बिनधास्त चालवा." तिसऱ्यांदा दिवा लागला तो असा तिठ्यावर. उजव्या हाताला रत्नागिरी होती, मी पालीकडे निघालो.

पुढची हकीकत ओघात येईल. मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेत शिकलो, पतसंस्थेत हिशेब लिहिले आणि उरलेल्या वेळात जुने रस्ते, घाट, नाके यांच्या नोंदी जमवत आलो. या दिव्याचा अभ्यासही तसाच केला. नियमांचे मसुदे वाचले, दुरुस्तीची मॅन्युअलं चाळली, आणि महामार्गावरच्या फिटर मंडळींच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. त्यातून पहिली गोष्ट कळली ती अशी, की हा दिवा मुळात माझ्या सोयीसाठी लावलेलाच नव्हता.

अननसाच्या वासापासून

या दिव्याची गोष्ट अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात सुरू होते. १९४० च्या दशकात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं, तपकिरी धुकं उतरू लागलं. ते कशाचं, हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या वासावर काम करत होते. पिकलेल्या फळातून निघणारी वाफ गोठवून तिच्यात कोणती द्रव्यं आहेत हे ते शोधत. आंब्या-फणसाच्या मुलखातल्या माणसाला या कामाचं अप्रूप वाटेलच. तीच युक्ती त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी न जळलेली इंधनद्रव्यं व नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन आणि इतर चुरचुरीत पदार्थ तयार होतात. धुकं निसर्गाचं नव्हतं, सायलेन्सरमधून येत होतं.

पुढे कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झालं आणि हेच हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० चा अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा आला, आणि १९७५ च्या मॉडेलांपासून तिथल्या बहुतेक मोटारींच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. आपल्याकडचे फिटर त्याला 'कॅट-कॉन' म्हणतात. पोलादी डब्यात मधाच्या पोळ्यासारखी, बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप. गरम धूर त्यातून गेला की त्यातली बरीच विषारी द्रव्यं निरुपद्रवी होऊन बाहेर पडतात. भारतात चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना तो १९९५ पासून सक्तीचा झाला. शिसं असलेल्या पेट्रोलने हा लेप निकामी होतो, म्हणून त्याच सुमारास शिसेविरहित पेट्रोल आलं आणि २००० साली ते देशभर झालं.

एक अडचण मात्र उरली. कन्व्हर्टर मेला तरी गाडी चालते. ब्रेक गेला तर चालकाला कळतं, टायर बसला तर कळतं. धूर शुद्ध करणारं यंत्र बंद पडलं तर चालकाला काहीच कळत नाही, कळतं ते मागून येणाऱ्याच्या फुप्फुसाला. मग सरकारने गाडी बनवणाऱ्यांना सांगितलं की गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी आणि दोष सापडला तर कबूल करावा. कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलांपासून अशी व्यवस्था आली. १९९६ पासून ती अधिक कडक रूपात सगळ्या अमेरिकेतल्या नव्या मोटारींना लागू झाली, २००१ पासून युरोपातल्या पेट्रोल मोटारींना. आपल्याकडे ती 'भारत स्टेज ४' सोबत आली. १ एप्रिल २०१० ला मुंबई, पुणे आणि सोलापूर धरून १३ शहरांत ते मानक लागू झालं, २०१३ पासून या स्वयंतपासणीची दुसरी पायरी आली आणि २०१७ पासून भारत स्टेज ४ साऱ्या देशात सक्तीचं झालं. 'भारत स्टेज ६' १ एप्रिल २०२० पासून. आता मोटरसायकलींवरही हा दिवा दिसतो.

त्या कबुलीचा दिवा म्हणजे हा पिवळा दिवा. नियमांतलं त्याचं नाव 'बिघाडदर्शक दिवा'. 'चेक इंजिन' हे रूढ नाव दिशाभूल करतं, कारण त्याचा पहिला संबंध धुराशी आहे. आपले नियम ज्या युरोपीय नियमांच्या वळणावर बेतलेले आहेत, त्यांत या दिव्याला लाल रंग देण्याची चक्क मनाई आहे. लाल म्हणजे 'आत्ता थांब'. हा दिवा 'दाखवून घे' एवढंच म्हणतो. तेवढंच ऐकायची सवय लागली की त्याचा दुसरा सूर ऐकू येत नाही, आणि माझं नेमकं तेच झालं.

दिवा केव्हा लागतो

इंजिनाच्या संगणकाकडे नाक आणि नाडी, दोन्ही असतात. नाक म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे जळणाचं योग्य प्रमाण. कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला सेन्सर धुरातला ऑक्सिजन सतत हुंगतो, आणि त्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. कन्व्हर्टरनंतर दुसरा सेन्सर असतो. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर दुसऱ्या सेन्सरचा आलेख शांत राहतो. तोही पहिल्यासारखाच वरखाली नाचू लागला की मधला डबा काम करत नाही हे उघड होतं.

नाडी म्हणजे क्रँकशाफ्टच्या फिरण्याचा वेग. प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी पडून पेट्रोल जळलं की शाफ्टला एक झटका मिळतो. एखाद्या सिलिंडरने झटका चुकवला तर तेवढ्या क्षणापुरता शाफ्ट किंचित मंदावतो. आपण ज्याला गाडी 'मिसिंग मारते' म्हणतो ते हे. आपल्याला धक्का जाणवण्याच्या कितीतरी आधी संगणकाला तो कळलेला असतो.

एकदा दोष दिसला म्हणून दिवा लगेच लागत नाही. बहुतेक दोषांबाबत संगणक पहिल्या वेळी मनात नोंद करतो. पुढच्या फेरीत, म्हणजे इंजिन पुन्हा चालू करून तशाच परिस्थितीतून गाडी गेल्यावर, तोच दोष पुन्हा दिसला तर दिवा लावतो. सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर दिवा आपण होऊन विझतो, पण कोडची नोंद राहते. इंजिन थंडगार अवस्थेतून तापण्याच्या ४० वेळा दोषाविना पार पडल्या म्हणजे ती पुसली जाते. म्हणजे दिवा लागला तेव्हा किमान एकदा शहानिशा झालेली असते, आणि तो आपोआप गेला म्हणून दोष गेला असंही होत नाही.

माझ्या गॅरेजमधल्या मुलाने कोड उडवला तेव्हा काय झालं ते आता कळेल. दोषाचा क्रमांक गेला. दोष दिसला त्या क्षणी इंजिनावर किती भार होता, वेग किती, तापमान किती, याचं टिपलेलं चित्रही गेलं. संगणकाने शिकलेलं बरंचसं पुसलं गेलं आणि शहानिशा पहिल्यापासून सुरू झाली. मधले तीन-चार दिवस दिवा नव्हता ते गाडी बरी झाली म्हणून नव्हे. साक्षीदाराची वही आम्ही फाडली होती आणि तो पुन्हा लिहायला बसला होता.

आंबा घाटात

साखरप्यापर्यंत दिवा स्थिर होता. घाटाची चढण लागली, मी दुसऱ्या गिअरवर येऊन ॲक्सिलरेटर दाबला, आणि दिवा लुकलुकू लागला. गाडी हिसके देऊ लागली. मला वाटलं चढाचा ताण असेल. आई घड्याळ बघत होती, तसा मी पाय आणखी दाबला.

लुकलुकणारा दिवा ही वेगळी भाषा आहे, हे मला माहीत नव्हतं. ज्या प्रमाणात मिसिंग झाल्याने कन्व्हर्टरला इजा पोहोचेल, त्या प्रमाणात ते होत असेपर्यंत दिव्याने लुकलुकण्यासारखा ठळक वेगळा इशारा द्यावा, असं नियमच सांगतात. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, अर्थ एकच. ठिणगी न पडलेल्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. एरवी कित्येक वर्षं टिकणारी ती वीट हजार अंशांपलीकडे तापून मिनिटांत वितळू शकते.

सपाटीवर स्थिर असलेला दिवा घाटातच का लुकलुकला, यालाही कारण आहे. चढावर सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल अधिक भरलं जातं आणि दाब वाढतो. जास्त दाबात प्लगच्या दोन टोकांमधून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर झालेली कॉइल सपाटीवर वेळ मारून नेते आणि चढावर उघडी पडते. माझ्या तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलच्या आवरणाला केसाएवढी भेग होती. कोकणातल्या पावसाळ्यात त्या भेगेतून ओलावा जायचा आणि वीज प्लगकडे जाण्याऐवजी भलत्याच वाटेने बाहेर पळायची. याच कारणाने रत्नागिरी शहरातल्या चकरांत दोष कधी दिसायचा, कधी नाही. पीयूसी तर महिन्यापूर्वीच रीतसर मिळाली होती. तिथे गाडी जागेवर उभी असते, घाट चढत नसते.

घाटमाथ्यावर आंबा गावात गाडी थांबवली तेव्हा खालून कुजक्या अंड्यासारखा आणि तापल्या लोखंडाचा वास येत होता. पाइपवर पडणारं पाणी चरचरत होतं. आईला घाम फुटला होता, हात थरथरत होते. साखर उतरली होती. हॉटेलवाल्याने विचारपूस न करता कपात साखर घोळून आणली. तिला ती पाजली, बरं वाटलं, आणि त्या दिवसाची अँजिओग्राफी तिथेच रद्द झाली. मागून आलेल्या एसटीने आम्ही कोल्हापूर गाठलं. दोन दिवसांनी तपासणी झाली, अहवाल बरा आला. तिला मात्र पुन्हा एक रात्र उपाशी काढावी लागली.

कॉइल २,४०० रुपयांना आली. ती बदलली आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा लागला. आता कोड वेगळा होता, पी०४२०, कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. आतली वीट वितळून निम्मी वाट बुजली होती. त्याचा खर्च कॉइलच्या पंधरापटीहून जास्त झाला. हा खर्च दिवा लागल्याने आला नाही. घाटातल्या त्या काही किलोमीटरांनी आणला.

कोड म्हणजे निदान नव्हे

आता माझ्या गाडीत अंगठ्याएवढा ब्लूटूथ स्कॅनर असतो. फोनवर कोड दिसतो. कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर पी असेल तर दोष इंजिन-गिअरबॉक्सकडचा. पुढचं शून्य म्हणजे क्रमांक सर्व कंपन्यांना समान, एक म्हणजे बहुधा कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागेवर एक किंवा दोन असेल तर हवा-इंधन, तीन असेल तर ठिणगी व मिसिंग, चार असेल तर धूरनियंत्रण. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग.

पण 'तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग' हे लक्षण झालं. कारण कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल किंवा उंदराने कुरतडलेली वायर असेल. आमच्याकडे गाडी चार दिवस उभी राहिली की बॉनेटखाली उंदीर बिऱ्हाड करतात. पी०१७१, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, हा कोड आला की पुष्कळ ठिकाणी ऑक्सिजन सेन्सर बदलून देतात. सेन्सरने तक्रार केली म्हणून तोच दोषी, असा हा न्याय. प्रत्यक्षात एखादा रबरी पाइप चिरून आगाऊ हवा आत जात असते, किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जांभ्याची लाल धूळ बसलेली असते. चांगला फिटर कोड वाचतो, लिहून ठेवतो आणि मग बॉनेट उघडतो. कोड उडवणं हे त्याचं शेवटचं काम असतं.

परदेशी पुस्तकांत पहिला सल्ला पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करण्याचा असतो. अमेरिकी नियमांत टाकीतून निसटणाऱ्या वाफेची गळती गाडीने तपासावी असं बंधन आहे, म्हणून तिथे सैल झाकणानेही दिवा लागतो. युरोपीय वळणाच्या नियमांत ते बंधन मुळात नव्हतं. तेव्हा आपल्या गाडीचं झाकण जरूर बघा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका.

महामार्गावरच्या डिझेल गाड्यांची तऱ्हा थोडी निराळी. भारत स्टेज ६ च्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. तिचा स्वतंत्र दिवा लागला असेल आणि दुसरा कोणताही नसेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सलग काही वेळ बऱ्या वेगाने गाडी चालवणं हाच उपाय असतो, कारण तापलेल्या धुराने काजळी जळून जाते. रोज तीन-चार किलोमीटरच्याच चकरा मारणाऱ्यांना हा दिवा जास्त छळतो. ट्रकवाल्यांना युरियाच्या द्रावणाची टाकी सांभाळावी लागते. ती रिकामी झाली तर आधी दिवा लागतो आणि पुढे इंजिन मुद्दाम ताकद कमी करतं.

दुरुस्तीपर्यंतचं अंतर

तर मग दिवा लागलेली गाडी चालवावी की नाही? हा प्रश्न मला आता वारंवार विचारला जातो, आणि उत्तर दिव्यापेक्षा रस्त्यावर जास्त अवलंबून असतं.

दिवा स्थिर आहे, सोबत ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा नाही, आवाज, वास, पिकअप नेहमीचे आहेत, तर जवळच्या चांगल्या गॅरेजपर्यंत हलक्या पायाने जायला हरकत नाही. हातखंब्याहून रत्नागिरी ही अशी वाट आहे. आंबा घाट ही तशी वाट नाही. भरलेली गाडी, चढण, ओव्हरटेकची घाई, हे दुरुस्तीनंतर. महिनोन्‌महिने तसंच चालवणंही नको. दिवा एकच असतो. तो आधीच लागलेला असेल तर नवा, मोठा दोष सांगायला त्याच्याकडे जागा उरत नाही.

दिवा लुकलुकला तर आधी पाय उचलावा. भार कमी होताच लुकलुक थांबली तर सावकाश, सुरक्षित जागेपर्यंत जावं आणि तिथून गाडी ओढून न्यावी. थांबली नाही तर तिथेच बाजूला घ्यावी, मात्र वाळल्या गवतावर नको. दिवाळीनंतर आमचे माळ पिवळे पडतात, तापलेल्या कन्व्हर्टरखाली गवत पेटायला वेळ लागत नाही. लाल दिव्याला तर वाटाघाटीच नाहीत. ऑइलचा लाल दिवा लागल्यावर इंजिन चालू ठेवणं म्हणजे ते गमावणं.

आणखी एक सवय लावून घ्यावी, विशेषतः जुनी गाडी घेणाऱ्यांनी. चावी फिरवली आणि इंजिन अजून सुरू केलं नाही, त्या वेळी हा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. आधी लागतच नसेल तर दिवा गेलेला असतो किंवा कुणीतरी तो घालवलेला असतो.

त्या गॅरेजमधल्या मुलावर माझा राग नाही. मी त्याला दिवा घालवायला सांगितलं, त्याने घालवला. गाडीला काय झालंय, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

आई आता ८१ वर्षांची आहे. वर्षातून दोनदा कोल्हापूरला जावं लागतं. गाडीत बसली की मी चावी फिरवतो आणि थांबतो. मागून ती म्हणते, "लागला." मी इंजिन सुरू करतो. ती म्हणते, "विझला. चल आता." मग आम्ही तिठ्यावरून पालीकडे निघतो.